ओझर ते बिरसी, सरळ रेषेत

नाशिकजवळचं ओझर आणि गोंदियाजवळचं बिरसी हे महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन टोकांचे विमानतळ. आपल्या चांदवडहून ओझर पन्नासेक किलोमीटरवर. मुंबई-आग्रा महामार्गाने पिंपळगाव बसवंत मागे टाकलं की आलंच. बिरसी गोंदिया शहराबाहेर, कामठ्याच्या बाजूला. तिथून मध्य प्रदेशातला बालाघाट जवळ आणि छत्तीसगडची हद्दही फार लांब नाही. या दोन ठिकाणांमधलं हवाई अंतर किती आणि जायला वेळ किती लागेल, हा प्रश्न साधा दिसतो. मोबाइलला विचारलं तर तो एका क्षणात दोन आकडे देतो : ६८१ किलोमीटर आणि सव्वा तासाच्या आसपास वेळ. पहिला आकडा बरोबर आहे. दुसरा कुठून आला, हे समजून घेण्यासारखं आहे.

अंतरापासून सुरुवात करू, कारण ते कागद-पेन्सिलीनेही काढता येतं. ओझरची धावपट्टी साधारण २०.१२ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९१ अंश पूर्व रेखांशावर आहे. बिरसी २१.५३ उत्तर आणि ८०.२९ पूर्व. म्हणजे बिरसी ओझरच्या १.४१ अंश उत्तरेला आणि ६.३८ अंश पूर्वेला. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, मग तुम्ही चांदवडला असा की काश्मीरला. पूर्व-पश्चिम अंशाचं मात्र तसं नाही. विषुववृत्तापासून दूर जावं तशी अक्षवृत्तं लहान होत जातात आणि ध्रुवावर त्यांचा बिंदू होतो. आपल्या पट्ट्यात, वीस-एकवीस अंशांवर, रेखांशाचा एक अंश १०४ किलोमीटरच भरतो. आता १.४१ गुणिले १११ म्हणजे १५६ किलोमीटर उत्तरेला, आणि ६.३८ गुणिले १०४ म्हणजे ६६३ किलोमीटर पूर्वेला. हे काटकोन त्रिकोणाचे दोन पाय. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ६८१ येतात. दहावीच्या मुलाला पाच मिनिटांत जमेल असं हे गणित आहे, आणि शाळेत ते याच उदाहरणावर करून घ्यावं असं मला फार वाटतं.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा त्रिकोण चालतो कसा? इतक्या अंतरापुरता चालतो. गोलावर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून कापल्यावर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल त्यावरून. ओझर-बिरसीच्या बाबतीत हा मार्ग नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा मध्यावर जेमतेम साडेतीन किलोमीटर उत्तरेला फुगतो, आणि लांबीत शंभर मीटरचाही फरक पडत नाही. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी दबलेली आहे, तिची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय ६३५७. त्यामुळे फार तर दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे. मुंबई ते न्यूयॉर्क धरलं की मात्र चित्र पालटतं. त्या साडेबारा हजार किलोमीटरांत सर्वांत जवळची रेषा ६५ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे आइसलँडच्या अक्षांशापर्यंत चढते. न्यू जर्सीतल्या मुलाकडे निघालेल्या आईवडिलांना समोरच्या पडद्यावर विमान सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे वळलेलं दिसतं, त्याचं मूळ कारण हेच. आज कुठल्या देशाची हवाई हद्द बंद आहे, हे त्यावर आणखी.

अक्षवृत्तं लहान होत जातात हे आपल्याकडच्या ज्योतिर्गणितींना फार पूर्वी ठाऊक होतं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं दिला आहे. गावाच्या अक्षांशावर तो जितका उरतो, त्या परिघाला स्पष्टपरिधी म्हणत, आणि तो काढायची रीत ज्योतिषग्रंथांत होती. उज्जैनच्या रेखावृत्तापासून आपलं गाव किती पूर्वेला वा पश्चिमेला, त्यानुसार ग्रहांच्या वेळा दुरुस्त करण्यासाठी हा आकडा लागायचा. वर आपण १११ ऐवजी १०४ घेतले, ते नेमकं हेच काम.

आणि आता ही रेषा नकाशावर खरोखर ओढून पाहू. ओझरहून निघाल्यावर ती चांदवडच्या दक्षिणेकडून, चौदा-पंधरा किलोमीटर अंतर राखून जाते. लासलगाव तिच्या थोडं दक्षिणेला राहतं. पुढे ती जवळजवळ मनमाडवरून जाते, मग नांदगाववरून. त्यानंतर सातमाळ्याच्या डोंगरात, चाळीसगावच्या दक्षिणेला, ती पाटण्याच्या परिसरावरून सरकते. पाटणं म्हणजे पाटणादेवीचं ठिकाण. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्याने इथे मठ उभारला, आणि त्याला मिळालेल्या दानाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख इथेच सापडला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. तिथून पुढे रेषा अजिंठ्याच्या लेण्यांच्या अगदी जवळून जाते आणि लगेच उज्जैनचं रेखावृत्त ओलांडते, ज्याच्यापासून जुने गणिती देशांतर, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर, मोजत. मग शेगाव. अकोला दहाएक किलोमीटर दक्षिणेला राहतं, अमरावतीही दक्षिणेलाच. नागपूर शहराच्या उत्तरेकडून, रामटेकच्या दक्षिणेकडून ती बिरसीला पोचते. ही रेषा मी पहिल्यांदा नकाशावर तपासली, तेव्हा पाटणं आणि अजिंठा तिच्यावर येतील अशी कल्पनाही नव्हती.

या रेषेत आणखी एक गोष्ट दडली आहे. मनमाड, नांदगाव, शेगाव ही तिन्ही रेल्वे स्थानकं तिच्यावर किंवा तिच्यापासून दोन-चार किलोमीटरांत आहेत. मधे रेल्वे पाचोरा-जळगाव-भुसावळकडे वर चढते आणि पुन्हा खाली येते. मनमाड ते गोंदिया रेल्वेने सुमारे ७०० किलोमीटर. आकाशातून तेच अंतर सुमारे सव्वासहाशे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने नागपूर गाठलं १८६७ मध्ये. त्या काळच्या सर्वेक्षकांनी डोंगर, नद्या आणि कापसाच्या पेठा सांभाळून आखलेला मार्ग विमानाच्या आदर्श रेषेपेक्षा फक्त एक अष्टमांश लांब निघतो. हे मला थक्क करणारं वाटतं.

आता वेळ. मोबाइल जो सव्वा तास सांगतो तो असा येतो : जेट विमानाचा ठराविक वेग, ताशी आठशेच्या आसपास, धरायचा, अंतराला त्याने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी वीस ते तीस मिनिटं जोडायची. पण लहान विमानतळांवर येणारं विमान बहुतेक वेळा जेट नसतं. ते असतं एटीआर ७२, पंख्यांचं, सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनांचं. त्याचा प्रवासवेग ताशी ५१० किलोमीटरच्या घरात. ६८१ भागिले ५१० म्हणजे ८० मिनिटं. जमिनीवरून धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, वर चढताना आणि खाली उतरताना कमी असलेला वेग, वळसे, हे सगळं धरून सुमारे अर्धा तास वाढतो. विमान कंपन्या दारं बंद करून विमान हलल्यापासून ते उतरून थांबेपर्यंतचा काळ मोजतात. त्याला त्यांच्या भाषेत ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर छापलेली वेळ तीच. ओझर-बिरसीसाठी तो पावणेदोन तासांच्या आसपास भरेल.

त्यातली पहिली काही मिनिटं कुठे जातात, ते ओझरलाच पाहावं. तिथली धावपट्टी तीन किलोमीटर लांब आणि पूर्व-पश्चिम आहे. विमानाला समोरून वारा घेत उडायला आवडतं. कारण मग जमिनीवर कमी धावून पंखांवरून पुरेशी हवा वाहते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. म्हणजे गोंदियाला, पूर्वेला, जायचं असलं तरी विमान आधी पश्चिमेकडे झेपावणार, द्राक्षबागांवरून उंची घेणार आणि मग अर्धवर्तुळ काढून चांदवड-मनमाडच्या दिशेला वळणार. शिवाय ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापून विरळ होते, इंजिनाची आणि पंखाची ताकद कमी पडते आणि धावपट्टी जास्त लागते. तीन किलोमीटरची पट्टी असल्याने ओझरला त्याची फारशी चिंता नसते. ही पट्टी मुळात प्रवाशांसाठी बांधलेलीच नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडचा कारखाना इथे १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. पुढे सुखोई-३० इथे तयार झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात इथे जोडलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. प्रवाशांची इमारत आली २०१४ मध्ये. त्यामुळे लढाऊ विमानांच्या चाचण्या आणि प्रवासी विमानांच्या वेळा एकाच पट्टीवर सांभाळाव्या लागतात.

बिरसीची कुळकथाही युद्धाशीच जोडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथे धावपट्टी केली. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल केंद्रात नागरी उड्डाणमंत्री असताना तिचा विस्तार झाला आणि वैमानिक प्रशिक्षणाची सोय उभी राहिली. बरीच वर्षं त्या आकाशात शिकाऊ वैमानिकच जास्त होते, नियमित प्रवासी विमान आलं २०२२ मध्ये.

वाऱ्याचा हिशेब सर्वांना उमजतोच असं नाही, म्हणून थोडा थांबून सांगतो. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. समजा ताशी ६० किलोमीटरचा वारा पाठीशी आहे. मग जमिनीच्या तुलनेत वेग ५७० होतो आणि ६८१ किलोमीटर ७२ मिनिटांत संपतात. परतताना तोच वारा समोरून, वेग ४५०, वेळ ९१ मिनिटं. दोन्ही मिळून १६३. वारा अजिबात नसता तर जाऊन-येऊन १६० मिनिटं लागली असती. म्हणजे जाताना मिळालेलं येताना पूर्ण फिटत नाही, थोडी तूट राहतेच, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. पावसाळ्यात आणखी गंमत होते. जमिनीलगत नैऋत्येचा वारा असतो, पण फार उंचावर, जिथून मोठी जेट विमानं जातात, तिथे भारतीय द्वीपकल्पावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरदार प्रवाह सुरू होतो. तेव्हा पूर्वेला जाणाऱ्या जेटला समोरचा वारा लागतो. एटीआर पाच-सात किलोमीटर उंचीवरून जातं, त्यामुळे त्याला या वरच्या प्रवाहाची झळ कमी.

आतापर्यंतचा सगळा हिशेब मात्र अशा विमानाचा आहे जे नाही. ओझरहून बिरसीला थेट नियमित विमानसेवा नाही. दोघांनाही जोडणारं शहर आहे हैदराबाद. ओझरहून हैदराबादची सेवा सरकारच्या उडान योजनेत सुरू झाली, बिरसीहून हैदराबादला आधी फ्लायबिगने २०२२ मध्ये आणि मग इंडिगोने डिसेंबर २०२३ पासून विमान सोडलं. ओझर-हैदराबाद सरळ रेषेत ५७३ किलोमीटर, हैदराबाद-बिरसी ५१५. बेरीज १०८८. म्हणजे ६८१ किलोमीटरवरच्या गावी पोचायला प्रवासी आधी दक्षिणेला उतरतो आणि मग पुन्हा उत्तरेला चढतो. हवेतल्या मिनिटांची वाढ सोसता येईल, पण हैदराबादला दुसऱ्या विमानाची वाट पाहणं जास्त महाग पडतं. बिरसीला दिवसाला एखादंच विमान असेल, आणि ते तुमचं विमान हैदराबादला उतरण्याआधी निघून गेलं, तर प्रवास एका रात्रीने लांबतो. दोन लहान विमानतळांमधलं खरं अंतर किलोमीटर सांगत नाहीत. दिवसाला किती फेऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना कशा जुळतात, यावर ते ठरतं.

थेट विमान का नाही, याचं उत्तर प्रवाशांच्या संख्येत आहे. अठ्ठ्याहत्तर आसनांचं विमान रोज निम्म्याहून बरंच जास्त भरलं तरच चालतं. नाशिक आणि गोंदिया या जोडीत तितके प्रवासी रोज मिळणं कठीण. हैदराबादच्या विमानात मात्र गोंदियाबरोबर तिरुपती, बंगळूर, चेन्नई अशा अनेक ठिकाणचे प्रवासी एकत्र बसतात. मोठ्या शहरातून सगळीकडे फाटे फोडण्याची ही रचना कंपन्यांना परवडते आणि लहान गावांना एका फाट्यावर टांगून ठेवते.

कमी प्रवाशांमुळे येणारी ही तूट भरायची सोय सरकारने केली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये उडान योजना जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली हे तिचं पहिलं विमान निघालं. सुरुवातीला नियम असा होता : तासाभराच्या, साधारण पाचशे किलोमीटरच्या प्रवासात ठराविक आसनांचं भाडं २५०० रुपयांवर ठेवायचं, आणि कंपनीला होणारा तोटा तीन वर्षं अनुदानातून भरायचा. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्या अनुदानातला पाचवा हिस्सा राज्य सरकारचा. इथे आपल्या ६८१ या आकड्याला एकदम अर्थ येतो. २०२३ च्या एप्रिलपर्यंत योजनेत मार्गाच्या लांबीची मर्यादा ६०० किलोमीटर होती. म्हणजे ओझर-बिरसी हा मार्ग ८१ किलोमीटरांनी बाहेर राहिला असता. त्या महिन्यात आलेल्या उडान ५.० मध्ये ही मर्यादा काढली, पण अनुदान ६०० किलोमीटरपर्यंतच मोजायचं ठरलं. आता मार्ग पात्र होऊ शकतो, फक्त शेवटच्या ८१ किलोमीटरांचा भार कंपनीने उचलायचा.

अनुदान असलं तरी सेवा टिकेलच असं नाही, हे ओझरने पाहिलं आहे. २३ डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कनने एकोणीस आसनांच्या विमानाने नाशिक-मुंबई सेवा उडान योजनेतच सुरू केली. सरळ रेषेत हे अंतर १५८ किलोमीटर. इतक्या जवळच्या गावी विमानाला खरी अडचण दुसरी असते. मुंबईच्या धावपट्टीवर दर मिनिटाला मागणी आहे, तिथे एकोणीस प्रवाशांच्या विमानाला सोयीची वेळ मिळणं अवघड. आणि रस्त्याने चार-पाच तासांत मुंबई गाठता येत असेल, तर विमानतळावर तासभर आधी पोचणारा माणूस काही फार वाचवत नाही. ती सेवा टिकली नाही.

याउलट स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यात फक्त २.७ किलोमीटरची नियमित विमानसेवा आहे. वारा साथीला असला तर एका मिनिटात पोचते. शाळेचे शिक्षक, रुग्ण तिने जातात. प्रशासनाच्या मदतीवर ती वर्षानुवर्षं चालते, कारण मध्ये समुद्र आहे आणि दुसरा सोयीचा रस्ता नाही. ओझर आणि बिरसीमध्ये समुद्र नाही, रेल्वे आहे आणि रस्ताही.

चांदवडच्या माणसाला खरोखर गोंदियाला जायचं असेल, तर त्याच्यासमोरचे मार्ग असे. पंचवीसेक किलोमीटरवर मनमाड. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस तिथूनच जाते. ७०० किलोमीटर, ताशी सरासरी ५५ धरली तर तेरा तासांच्या आसपास. मोटारीने येवला-कोपरगावमार्गे शिर्डीजवळ समृद्धी महामार्गावर चढायचं, नागपूरपर्यंत ५२० किलोमीटर, आणि नागपूरहून गोंदिया आणखी पावणेदोनशे. सगळं धरून दहा तास. थेट विमान असतं तर चांदवड ते ओझर एक तास, विमानतळावर सव्वा तास, ब्लॉक टाइम पावणेदोन तास, बाहेर पडून गोंदिया शहरात पाऊण तास, असे पावणेपाच तास. त्यातली रेषेवरची ८० मिनिटं सोडली तर उरलेला बहुतेक वेळ जमिनीवरच.

यात एक मधला मार्ग आहे, आणि माझ्या मते चांदवड-मनमाडच्या पट्ट्याने त्याचा आग्रह धरायला हवा. १५ मार्च २०२३ ला इंडिगोने ओझर-नागपूर विमान सुरू केलं. सरळ रेषेत हे अंतर ५४५ किलोमीटर, म्हणजे सहाशेच्या मर्यादेत. नागपूरहून गोंदिया रेल्वेने १३० किलोमीटर, आणि त्या मार्गावर हावड्याकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ दिवसभर असते. विमान चुकलं किंवा उशिरा आलं तरी पुढची गाडी तास-दोन तासांत मिळते. एटीआरला ओझर-नागपूर दीड तासाच्या आसपास, रेल्वेला दोन तास. चांदवडहून पहाटे निघालेला माणूस, विमानाची वेळ सकाळची असेल तर, दुपारी गोंदियात असतो, हैदराबादला न जाता.